खवळलेल्या पाण्यात कयाक उलटल्यास: सुटका, पुन्हा चढणे आणि अंगावरची साधने

शांत पाण्यात कयाक उलटली तर फार तर कपडे भिजतात आणि सोबत्यांना थट्टेला विषय मिळतो. तीच कयाक ताशी २५ किलोमीटरच्या वाऱ्यात, किनाऱ्यापासून दूर, फेसाळलेल्या लाटांत पालथी झाली, तर पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत काय केले यावर जीव वाचणे अवलंबून राहते. अशा प्रसंगी लाटांची उंची हेच मुख्य संकट असते, असा समज नवख्यांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात थंड पाणी पहिल्या मिनिटातच श्वासाची लय मोडते, वारा रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने वाहून नेतो, आणि मदत मागण्याचे साधन नेमके कयाकच्या पोटातल्या पिशवीत अडकून राहते. या तिन्ही गोष्टींची तजवीज पाण्यात उतरण्यापूर्वीच करावी लागते. पुढील विवेचन मुख्यतः समुद्रातल्या व मोठ्या तलावांतल्या बंद डेकच्या, म्हणजे वरून झाकलेल्या आणि बसण्यापुरतीच पोकळी (कॉकपिट) असलेल्या कयाकविषयी आहे. वेगवान नदीतले नियम जिथे अगदी उलट आहेत, तिथे तसे नमूद केले आहे.

पहिले मिनिट श्वासाचे

पाण्याचे तापमान १५ अंश सेल्सियसपेक्षा कमी असेल, तर एकाएकी पाण्यात पडलेल्या माणसाकडून नकळत मोठा श्वास आत ओढला जातो, पाठोपाठ धाप लागते, आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब झटक्यात वाढतात. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. तो पहिला श्वास घेताना तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासून लोकांच्या लक्षात राहील असे १-१०-१ हे सूत्र रूढ केले: श्वास ताब्यात आणण्यासाठी साधारण १ मिनिट, हातापायांनी उपयोगाचे काम करता येईल अशी साधारण १० मिनिटे, आणि शरीर थंडावून शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास. पाणी किती थंड आहे, अंगावर काय आहे आणि माणसाची देहयष्टी कशी आहे यांनुसार हे आकडे बदलतात. क्रम मात्र बदलत नाही.

या सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा की, डोके पाण्यावर येताच एका हाताने कयाक आणि दुसऱ्याने वल्हे धरावे आणि श्वास संथ होईपर्यंत दुसरे काहीही करू नये. श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष दिल्यास धाप लवकर आटोक्यात येते. लाट तोंडावर फुटत असेल तर तिच्याकडे पाठ करावी. माणूस घाबरून याच मिनिटात कयाकवर चढू पाहतो, दम घालवतो, आणि नंतरच्या दहा मिनिटांतली अर्धी ताकद इथेच संपवतो. त्या दहा मिनिटांची किंमत मोठी आहे, कारण थंड पाण्यात बोटे आधी निकामी होतात. बक्कल, चेन, पंपाची मूठ आणि रेडिओचे बटण ही कामे बोटांचीच असतात.

पाणी कोमट असेल तर हा धक्का बसत नाही, परंतु पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. त्यामुळे उबदार वाटणाऱ्या पाण्यातही काही तास राहिल्यास शरीर थंडावतेच.

कॉकपिटमधून बाहेर पडणे

कयाक पालथी होताच प्रथम पुढे वाकावे, कपाळ डेकजवळ न्यावे. त्यामुळे चेहरा व खांदे खडकापासून वाचतात आणि मांड्या कॉकपिटच्या काठाखालून सहज सुटतात. मागे रेलल्यास मांड्या काठाला घट्ट दाबल्या जातात आणि सुटका अवघड होते. नंतर दोन्ही हात कॉकपिटच्या काठावरून पुढे सरकवत स्प्रे स्कर्टच्या (कंबरेला घालून कॉकपिटच्या काठावर ताणून बसवलेल्या, पाणी अडवणाऱ्या कापडाच्या) पुढच्या टोकाला शिवलेला ओढण्याचा पट्टा शोधावा. तो सरळ वर ओढण्याची घाई करू नये. आधी कयाकच्या पुढच्या टोकाच्या दिशेने ढकलावा, म्हणजे काठाखाली अडकलेली रबरी कड सुटते, आणि मग चेहऱ्याकडे ओढावा. पुढे दोन्ही तळवे कंबरेजवळ काठावर टेकवून, विजार उतरवावी तशी कयाक कंबरेवरून खाली ढकलावी. बाहेर येतानाही शरीर पुढेच वाकलेले असावे. सराव असेल तर या सगळ्याला काही सेकंदच लागतात.

पट्टा स्कर्टखाली आत दुमडून राहिला असेल तर पाण्याखाली तो सापडत नाही. म्हणूनच स्कर्ट बसवल्यावर पट्टा बाहेर आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि हातानेही चाचपावे, आणि ही तपासणी सोबत्यानेही करावी. तरीही पट्टा सापडला नाहीच, तर कंबरेच्या बाजूचे कापड मुठीत धरून बाहेरच्या बाजूला ओढल्यास किंवा गुडघा जोराने वर रेटल्यास कड सुटू शकते. हे पर्याय उथळ, शांत पाण्यात आणि सोबत कुणी उभे असताना करून पाहावेत. सीलबंद स्कर्टसह पाण्यात उलटे लटकण्याचा पहिला अनुभव वादळात येऊ नये.

कयाक न सोडता वल्ह्याच्या व कंबरेच्या जोरावर पुन्हा सरळ करण्याचे कौशल्य, म्हणजेच ‘रोल’, येत असेल तर उत्तमच. पाण्यात न उतरता प्रश्न सुटतो आणि उष्णताही वाचते. मात्र तलावात दहापैकी दहा वेळा जमणारा रोल खवळलेल्या पाण्यात जमेलच असे नाही, आणि ज्या लाटेने एकदा उलटवले ती परिस्थिती तिथेच असते. रोलवर विसंबून बाकीचे उपाय न शिकणारे लोक पाहिले की हे कौशल्य थोडे उशिरा शिकवावे असे वाटते.

कयाक हातची जाऊ देऊ नये

लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर मीटरवरूनही दिसेनासे होते. उलटलेल्या कयाकचे बूड बरेच लांबून दिसते. ती तरंगते, आधार देते आणि चढल्यावर शरीराचा मोठा भाग पाण्याबाहेर ठेवते. म्हणून किनारा जवळ दिसतो या भरवशावर तिला सोडून पोहत जाणे हा बहुतेक वेळा चुकीचा निर्णय ठरतो, कारण पाण्याच्या पातळीवरून अंतराचा अंदाज हमखास चुकतो. कयाक खडकांवर आदळण्याच्या बेतात असेल, किंवा ती बुडत असेल, तर ती सोडण्याला अर्थ आहे.

फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य पाळावे. आपण समुद्राच्या बाजूला आणि कयाक किनाऱ्याच्या बाजूला राहील असे पाहावे. उलट झाले तर पाण्याने भरलेली, कित्येक मण वजनाची कयाक पुढच्या लाटेबरोबर अंगावर येते. अशा जागी कयाकचे टोकाचे हँडल धरावे, पण त्यात मनगट किंवा बोटे अडकवू नयेत. कयाक गिरकी घेते तेव्हा बोटे सुटत नाहीत.

पुन्हा चढणे

सोबती जवळ असेल तर सर्वांत भरवशाचा उपाय ‘टी-रेस्क्यू’. सोबती आपली कयाक उलटलेल्या कयाकच्या पुढच्या टोकाशी काटकोनात आणतो. पाण्यातला माणूस मागच्या टोकाकडे जाऊन ते खाली दाबतो, त्याच वेळी सोबती पुढचे टोक उचलून आपल्या डेकवर ओढतो, आणि कॉकपिटमधले पाणी ओतले जाते. नंतर कयाक सरळ करून दोन्ही कयाक शेजारी-शेजारी, एकीचे पुढचे टोक दुसरीच्या मागच्या टोकाशी येईल अशा आणाव्यात. इथे बचाव करणाऱ्याने रिकाम्या कयाकवर खरोखर ओणवे होऊन दोन्ही हातांनी तिचा काठ कवटाळावा. नुसते बोटांनी धरले तर लाट दोन्ही कयाक विलग करते. दोघांनी एकमेकांना भिडवून धरलेल्या कयाक एकट्या कयाकच्या मानाने फारच स्थिर असतात. या सर्व काळात पाण्यातल्या माणसाचा एक हात कोणत्या ना कोणत्या कयाकवर असलाच पाहिजे, आणि तो कुठे आहे हे बचाव करणाऱ्याने बोलून खात्री करून घेत राहावे.

चढताना हातांच्या जोरावर सरळ वर येण्याचा प्रयत्न बहुतेकांना जमत नाही. पाय मागे पसरून ते पाण्याच्या पृष्ठभागावर आणावेत, जोरात पाय मारून पोट मागच्या डेकवर आडवे घसरवावे, आणि पोटावरच राहून पाय कॉकपिटमध्ये सरकवावेत. शरीर जितके खालच्या पातळीवर राहील तितकी कयाक कमी डोलते. हातात ताकद उरली नसेल तर दोरीची रिकीब कामाला येते: जाड पट्ट्याचा फास कॉकपिटच्या काठाभोवती अडकवून खाली सोडावा, त्यात पाय ठेवून उभे राहावे. मात्र तिच्यात पाय अडकून राहू नये म्हणून तिचा वापरही आधी करून पाहिलेला असावा.

एकट्याला ‘पॅडल फ्लोट’ लागतो. ही हवेची पिशवी वल्ह्याच्या पात्यावर चढवून फुगवली की वल्हे हा कयाकचा आडवा आधार होतो. पाय कॉकपिटमध्ये अडकवून कयाक धरून ठेवावी, दोन्ही हात मोकळे करून पिशवी फुगवावी, मग कयाक सरळ करून वल्हे कॉकपिटच्या मागे काटकोनात ठेवावे आणि दांडा व काठ एकाच मुठीत धरावेत. पोटावर चढून तोंड मागच्या टोकाकडे ठेवावे, पाय आत सरकवावेत, आणि बसण्यासाठी वळताना फुगवलेल्या पिशवीच्या बाजूनेच वळावे. वजन दुसऱ्या बाजूला गेले की कयाक पुन्हा पालथी होते. बहुतेक अपयशी प्रयत्न याच वळणावर फसतात.

आत बसले म्हणजे काम संपले असे नाही. कॉकपिटमध्ये साठलेले पाणी इकडून तिकडे हिंदकळते, आणि पाण्याने भरलेली कयाक स्थिर राहत नाही. म्हणून पिशवी तशीच ठेवून आधी हातपंपाने पाणी काढावे. स्कर्ट बसवून तिच्या कडेतून पंपाची नळी आत घातल्यास नव्या लाटांचे पाणी आत येत नाही. सोबती असेल तर त्याने तोपर्यंत कयाक धरून ठेवावी.

साधने: काय अंगावर, काय कयाकमध्ये

उलटल्यानंतर अंगावर बांधलेले तेवढेच आपले, बाकीचे समुद्राचे, असे धरून सामान लावावे. डेकवरच्या इलॅस्टिकखाली खोचलेला पंप व फ्लोट पहिल्याच मोठ्या लाटेत जाऊ शकतात. त्यांना आखूड दोरी हवी. रेडिओ, शिट्टी, आणीबाणीचे सिग्नल-यंत्र आणि छोटा प्रकाशदिवा यांची जागा जॅकेटच्या खिशात आहे, आणि तोही असा खिसा की जो एका हाताने, हातमोजा घालून, न बघता उघडता येईल.

जॅकेटबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. कयाकवर सहसा वापरला जाणारा बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारे आखूड जॅकेट, किमान ५० न्यूटन तरंगशक्ती देतो. वल्हवायला तो मोकळा असतो, पण बेशुद्ध माणसाला उताणे करून तोंड वर ठेवण्याची हमी तो देत नाही. १५० न्यूटनचे लाइफ जॅकेट त्यासाठी बनवलेले असते. तथापि पाण्याशी संपर्क येताच आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट कयाकसाठी अयोग्य आहे, कारण पालथ्या कयाकच्या आतच ते फुगले तर बाहेर पडणे कठीण होते आणि पुन्हा पोटावर चढणेही जमत नाही. कोणतेही जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्यांच्या पट्ट्या धरून जोरात वर ओढावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत किंवा माप चुकले आहे.

कपडे हवेच्या तापमानाप्रमाणे न निवडता पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडावेत. बाहेर लख्ख ऊन आणि पाणी १० अंशांचे, अशा वसंतातल्या दिवशी हा नियम पाळायला जड जातो आणि नेमके तेव्हाच लोक दगावतात. सुती कपडे भिजल्यावर ऊब देत नाहीत. निओप्रीन या रबरी कापडाचा वेटसूट अंगालगतचे थोडेसे पाणी अडवून ऊब राखतो. ड्रायसूट पाणी आतच येऊ देत नाही, पण त्याची स्वतःची ऊब नसते. आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर लागतात, आणि मनगट व मानेचे रबरी सील चिरलेले नाहीत ना हे दर वेळी पाहावे लागते. घालताना आत अडकलेली हवा मानेचे सील बोटाने उचलून, खाली उकिडवे बसून काढून टाकावी.

कयाकमध्ये पुढे आणि मागे पाणी अडवणाऱ्या आडभिंती असाव्यात. त्या नसतील तर दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. दोन्हींपैकी काहीच नसलेली कयाक पाण्याने भरली की टोकावर उभी राहते आणि तिच्यावर चढणे अशक्यप्राय होते. मोठ्या कॉकपिटच्या, मनोरंजनासाठी बनवलेल्या स्वस्त कयाकमध्ये हा दोष सर्रास आढळतो. डेकभोवती धरायला सलग दोरी आहे का हेही पाहावे, कारण ओल्या गुळगुळीत प्लास्टिकवर हात टिकत नाही.

वल्ह्याला किंवा स्वतःला कयाकशी बांधणाऱ्या दोरीवर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत. मोकळ्या समुद्रात, विशेषतः एकट्याने जाताना, जोराच्या वाऱ्यात कयाक दूर जाऊ नये म्हणून ती उपयोगी पडते. फुटणाऱ्या लाटांत ती गुंतू शकते, आणि वाहत्या नदीत तर ती वापरूच नये; झाडात किंवा खडकात अडकलेली दोरी माणसाला प्रवाहाखाली धरून ठेवते.

मदत मागणे आणि मदत येईपर्यंत

मोबाइल हे पहिले साधन मानू नये. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि किनाऱ्यापासून दूर नेटवर्कची खात्री नसते. हातातला जलरोधक व्हीएचएफ (सागरी संपर्काचा) रेडिओ आणीबाणीच्या चॅनेल १६ वर बोलतो, आणि तो संदेश किनारी केंद्राबरोबरच आसपासच्या जहाजांनाही ऐकू जातो. जिवाला धोका असेल तर ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा उच्चारून आपली ओळख, ठिकाण, काय झाले आहे, किती माणसे आहेत आणि कोणती मदत हवी हे सांगावे. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात, म्हणून पाण्यात बसून बोलणाऱ्याची हाक मोजक्याच सागरी मैलांपर्यंत पोहोचते. अँटेना उभी व शक्य तितकी उंच धरावी.

वैयक्तिक बीकन, म्हणजे पीएलबी, ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांच्या कॉस्पस-सारसॅट यंत्रणेला संदेश देतो आणि १२१.५ मेगाहर्ट्झवर शोधपथकाला जवळ येण्यासाठी खूण देतो. त्याची नोंदणी केलेली असावी, अँटेना पूर्ण उघडून आकाशाकडे असावी आणि बीकन पाण्याबाहेर धरलेला असावा. लाल हातज्योत (हातात धरून पेटवायची संकटसूचक ज्योत) वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला, हात लांब करून धरावी, आणि मदत करणारे दिसण्याच्या टप्प्यात आल्याशिवाय पेटवू नये, कारण ती मिनिटभरच जळते.

दोनदा प्रयत्न करूनही चढता आले नाही, तर तिसऱ्यापूर्वी मदत मागावी. संकोचाने केलेला उशीर हाच अनेक दुर्घटनांचा गाभा असतो. वाट पाहताना गुडघे छातीशी घेऊन, हात अंगाशी आवळून उष्णता वाचवावी, आणि अनेकजण असतील तर एकमेकांना बिलगून राहावे.

निघण्यापूर्वीचा निर्णय

वाऱ्याचा वेग ११ ते १६ नॉट (तासाला सागरी मैल), म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर ४, झाला की पाण्यावर बहुतेक ठिकाणी पांढरी शिखरे दिसू लागतात, आणि नवख्याने परत फिरण्याची ती मर्यादा मानावी. वारा व भरती-ओहोटीचा प्रवाह परस्परविरुद्ध असतील तेव्हा लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रवाह पालटताच तासाभरापूर्वीचे सुरळीत पाणी तसे राहत नाही. सर्वांत फसवा असतो तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. किनाऱ्यावरून पाहताना पाणी सपाट दिसते, कारण लाटांना वाढायला अंतर मिळालेले नसते आणि आपल्याला त्यांची पाठच दिसते.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात हेच घडले. आठ शाळकरी मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकने निघाले. शिक्षकांची कयाक वारंवार उलटू लागली तेव्हा एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. उरलेला गट एकत्र राहूनही वाऱ्याबरोबर समुद्रात वाहत गेला, लाटांनी कयाक भरल्या, आणि मुले तासन्‌तास थंड पाण्यात राहिली. चार मुले दगावली. गट वेळेवर परतला नाही तरी मदतीची हाक उशिरा गेली होती. या घटनेनंतर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये साहस-उपक्रम केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हाक अशी उशिरा जाऊ नये म्हणून किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे मार्ग, माणसांची संख्या, परतण्याची वेळ आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर तटरक्षकांना कळवायचे’ ही वेळ लिहून द्यावी.

किनाऱ्यावर आल्यावर

थंडावलेल्या माणसाला वाऱ्याच्या आडोशाला आडवे करावे, हळुवार हाताळावे, ओले कपडे काढून कोरडे थर गुंडाळावेत आणि डोके झाकावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये, चालायला लावू नये. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्यावे. थरथर थांबली पण बोलणे अडखळते, हालचाल बेंगरूळ होते, अशी स्थिती सुधारणेची नसून धोक्याची आहे, आणि तिला तातडीचे वैद्यकीय उपचार लागतात. पाणी छातीत गेल्याची शंका असेल तर तब्येत ठीक वाटत असली तरीही डॉक्टरांना दाखवावे, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

कयाक समुद्रातच सोडावी लागली असेल तर ते लगेच तटरक्षकांना कळवणे विसरू नये. तरंगणारी रिकामी कयाक दिसली की माणूस हरवल्याचे गृहीत धरून शोध सुरू होतो. कयाकच्या आत न पुसल्या जाणाऱ्या शाईने नाव व फोन क्रमांक लिहिलेला असेल, तर एका फोनवर खुलासा होतो आणि शोधपथक दुसऱ्या कामासाठी मोकळे राहते. बीकन चुकून चालू झाला असेल तर तो बंद करून तेवढ्यावर थांबू नये. त्याचीही सूचना तटरक्षकांना द्यावी.